एकच पुस्तक दोनदा विकत घेतलं का मी? (डॅफ्नी ड्यू मॉरिएच्या विचित्र गोष्टी)

कूलरचं_पाणी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, पोहे खाता खाता वाचा.

एप्रिलच्या शेवटी नागपूरच्या बर्डीवर गेलो होतो, उन्हानं डोकं तापलेलं, आणि फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक पिवळं पडलेलं अमेरिकन पेपरबॅक सापडलं, 'किस मी अगेन, स्ट्रेंजर', लेखिका डॅफ्नी ड्यू मॉरिए (उच्चार चुकला असेल तर सांभाळून घ्या). नावावरून वाटलं प्रेमकथा असतील. आमची आई या बाईची जुनी भक्त, कॉलेजात असताना 'रेबेका' वाचली ती अजून दोन-तीन वर्षांनी एकदा कपाटातून निघतेच, म्हणून ८० रुपयांना तिच्यासाठी घेतलं. आईनं शीर्षकाचीच गोष्ट आधी काढली. गॅरेजमध्ये काम करणारा एक साधा मेकॅनिक, सिनेमा थिएटरात काम करणारी एक मुलगी, हा तिच्या मागोमाग बसमध्ये चढतो, इथपर्यंत आई खुश. मग ती मुलगी त्याला रात्रीची कबरस्तानात घेऊन जाते. आईनं पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "ही ती नव्हे. नावात काहीतरी घोळ आहे."

मग मी हातात घेतलं आणि रात्री एक वाजेपर्यंत वाचूनच राहिलो, कूलरमधलं पाणी संपून गरम हवा यायला लागली तरी उठलो नाही (आयडी तिथूनच आलाय). काय गोष्टी आहेत यार. भूत म्हणावं तर भूत नाही, खून आहे पण डिटेक्टिव्ह नाही, आणि शेवटी कोणी येऊन काही समजावूनही सांगत नाही. मला इतकं आवडलं की बाईचं अजून काही मिळतं का बघितलं तर ऑनलाइन नवीन छापलेलं 'द बर्ड्स अँड अदर स्टोरीज' दिसलं, कव्हरवर पक्षी, ४९९ रुपये, मागवून टाकलं आणि मावसबहिणीच्या लग्नाला काटोलला निघून गेलो. परत येऊन पाकीट फोडतो तर काय, त्याच गोष्टी! सहाच्या सहा माझ्याकडे आधीपासून आहेत, वरून जुन्यातल्या दोन यात नाहीतच. परत करायची मुदतही संपून गेली.

तर मला फसवलं का विकणाऱ्यानं? ही 'रेबेका'वालीच बाई आहे का दुसरी कोणी, कारण आई अजूनही मानायला तयार नाही. पुढचं कोणतं घेऊ की पुन्हा असा पोपट होणार नाही? आणि 'द ओल्ड मॅन' नावाच्या गोष्टीचा शेवट कोणाला कळला असेल तर प्लीज सांगा, मी शेवटचा परिच्छेद चार वेळा वाचला.

तर्रीवाला

गोष्टी दोन कमी आणि पैसे सहापट जास्त, यालाच नवी आवृत्ती म्हणतात भाऊ.

जुनी_पुस्तकं_नवी_धूळ

फसवलं कोणीच नाही. किंवा सगळ्यांनीच, १९५२ पासून.

बाई तीच आहे, आईंना सांग. आता ऐक. १९५२ साली लंडनच्या गोलान्झनं हिचा सहा गोष्टींचा संग्रह काढला, त्याचं नाव 'द ॲपल ट्री'. पुढच्या वर्षी तोच अमेरिकेत आला तेव्हा तिकडच्या प्रकाशकानं त्यात दोन गोष्टी वाढवल्या, 'द स्प्लिट सेकंड' आणि 'नो मोटिव्ह', आणि नाव ठेवलं 'किस मी अगेन, स्ट्रेंजर'. हे तुझं बर्डीवालं. मग १९६३ मध्ये त्यातल्याच 'द बर्ड्स' गोष्टीवरचा हिचकॉकचा पिक्चर आला आणि त्याच वर्षी पेंग्विननं मूळचा सहा गोष्टींचा संग्रह 'द बर्ड्स अँड अदर स्टोरीज' नावानं पुन्हा बाजारात आणला. आजकाल विरागोवाले छापतात तेही याच नावानं. म्हणजे पुस्तक एकच, एक माहेरचं नाव, एक सासरचं आणि एक रेशन कार्डावरचं.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. १९५९ चा 'द ब्रेकिंग पॉइंट' कुठेकुठे 'द ब्लू लेन्सेस' नावानं मिळतो, गोष्टी त्याच आठ. १९७१ चा 'नॉट आफ्टर मिडनाइट' अमेरिकेत 'डोन्ट लुक नाऊ' झाला, त्यात पाच लांब गोष्टी आहेत. १९७३ ला निकोलस रोगचा त्या नावाचा पिक्चर आला आणि मग इंग्लंडातही तेच नाव चिकटलं. पण थांब, खरा पोपट इथे होतो. न्यू यॉर्कच्या एनवायआरबी क्लासिक्सनं २००८ मध्ये 'डोन्ट लुक नाऊ' याच नावानं एक वेगळंच पुस्तक काढलं, पॅट्रिक मॅकग्रा या लेखकानं निवडलेल्या नऊ गोष्टी. त्यातल्या चार तुझ्या बर्डीवाल्या पुस्तकात आहेतच. त्यामुळे या बाईचं पुस्तक घेताना नाव बघायचंच नाही, अनुक्रमणिका बघायची. फोटो नसेल तर विकणाऱ्याला मेसेज टाकून मागायचा, मी तर फूटपाथवरसुद्धा आधी तेच पान उघडतो.

पण मला पैशापेक्षा दुसऱ्या गोष्टीचा राग येतो. नाव बदललं की पुस्तकच बदलतं बे. 'द ॲपल ट्री' नाव होतं तेव्हा मधोमध उभी होती ती एका विधुराची आणि त्याच्या अंगणातल्या झाडाची गोष्ट. बायको वारलीय, याला मनातून सुटल्यासारखं वाटतंय, आणि एक दिवस त्याच्या लक्षात येतं की ते वाकडं झाड अगदी तिच्यासारखंच उभं आहे, तेच पडलेले खांदे, तोच सोसल्याचा आव. त्या झाडाच्या फांद्या जाळल्या तर तो धूर त्याला सहन होत नाही, त्याची फळं घशाखाली उतरत नाहीत, बाकीच्यांना विशेष काही वाटत नाही. म्हणजे मूळ पुस्तक वाचकाला सांगून राहिलं होतं की बाबा रे, हा संग्रह घराच्या आतला आहे, नवराबायकोचा आहे. आता कव्हरवर पक्षी बसवला की वाचणारा प्रत्येक गोष्टीत चोच शोधतो. 'द लिटल फोटोग्राफर' घ्या. श्रीमंत घरातली कंटाळलेली बाई समुद्रकिनारी सुट्टीवर, पाय अधू असलेला एक फोटोग्राफर, बस. काही अमानवी नाही. पक्षी बघून पुस्तक घेतलेला माणूस म्हणतो, हे काय, यात काहीच झालं नाही. अरे त्यात जे होतं ते पक्ष्यांपेक्षा भयानक आहे, फक्त पिसं उडत नाहीत.

'ओल्ड मॅन'चा शेवट मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, सकाळी सहाला फुटाळा तलावावर जा, पाण्याकडे तोंड करून बस आणि गोष्ट पहिल्या पानापासून पुन्हा वाच. सांगणाऱ्यानं एकही शब्द खोटा वापरलेला नाही.

कूलरचं_पाणी

@जुनी_पुस्तकं भाऊ, कळलं!!! फुटाळ्याला जायचीही गरज पडली नाही, तुम्ही 'पाण्याकडे तोंड' लिहिलं आणि डोक्यात ट्यूब पेटली. आता पहिलं पान वाचलं तर अंगावर काटा. काय बाई आहे. सगळं डोळ्यासमोर ठेवून लपवलं.

धंतोलीकर

'बर्ड्स'वर कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो.

मी पिक्चर आधी पाहिला होता, कॉलेजात फिल्म क्लबमध्ये, आणि नंतर कधीतरी गोष्ट वाचली तेव्हा धक्काच बसला, कारण दोन्हीत पक्षी सोडले तर काहीही सारखं नाही. पिक्चर कॅलिफोर्नियातल्या बोडेगा बे गावात घडतो, स्पोर्ट्स कार, सोनेरी केसांची हिरॉइन, लव्हबर्ड्सचा पिंजरा. गोष्ट आहे इंग्लंडच्या टोकाला कॉर्नवॉलमध्ये. नॅट हॉकन नावाचा माणूस, युद्धात अपंग झालेला, पेन्शनवर आणि शेतातल्या थोड्याफार कामावर घर चालवणारा, बायको, दोन पोरं. डिसेंबरच्या तीन तारखेला रात्रीतून वारा फिरतो आणि थंडी पडते, बस, तिथून सुरू. तो काय करतो तर खिडक्यांना फळ्या ठोकतो. पुढे अख्खी गोष्ट फळ्या ठोकणे, मेणबत्त्या मोजणे, शेजारच्या शेतावरून खायचं सामान आणणे यावरच चालते. पक्षी भरतीच्या वेळेला येतात आणि ओहोटीला थांबतात हे त्याच्या लक्षात येतं, म्हणून तो घड्याळ बघून बाहेर पडतो. रेडिओ आहे तोवर बीबीसी काहीतरी सांगतंय, आणीबाणी जाहीर होते, मग एक वेळ अशी येते की रेडिओच बंद. मला सगळ्यात जास्त भीती तिथे वाटली. पक्ष्यांची नाही, बातम्या बंद झाल्याची. लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गल्लीत जी शांतता होती ना, ती आठवली.

लंडनवर बॉम्ब पडले त्याला तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षं झाली होती, वाचणाऱ्या प्रत्येकाला पडदे लावून, कानोसा घेत बसणं माहीत होतं. आणि म्हणे ही गोष्ट सुचली ती बाई राहायची त्या मेनाबिलीच्या शेतावर, नांगरणाऱ्याच्या डोक्यावर सीगल घिरट्या घालताना बघून. आपल्याकडे नांगरामागे बगळे चालतात तसंच. आपण त्यात पाऊस शोधतो, हिनं काय शोधलं बघा.

पिक्चर तिला आवडला नव्हता असं वाचलंय. मला दोन्ही आवडतात, भांडायला येऊ नका. एका बाबतीत मात्र हिचकॉकला मानतो, पार्श्वसंगीतच ठेवलं नाही, नुसते इलेक्ट्रॉनिक यंत्रावर बनवलेले पक्ष्यांचे आवाज.

बाकी ज्यांना हे सगळं अशक्य वाटतं त्यांनी मे महिन्यात आमच्या गल्लीत कडुलिंबाखालून जाऊन दाखवावं. कावळ्याचं घरटं आहे. मागच्या आठवड्यात डोक्यावर टपली बसली, हेल्मेट घालून दूध आणायला जाऊन राहिलो, गाडीशिवाय.

तर्रीवाला

😂😂 पायी हेल्मेटवाला माणूस म्हणजे तूच का बे? आमच्या आजीनं पाहिला, म्हणे डोक्यावर परिणाम झालेला दिसतो बिचाऱ्याच्या.

ते जाऊ द्या, मला एक सांगा, हे सगळं आपल्याकडे मराठीत नाही का? धारपांची पुस्तकं वाचून आम्ही रात्री संडासला जायचं बंद केलं होतं. आणि 'तुंबाड'वाल्या राही बर्वेला धारपांची गोष्ट पहिल्यांदा मित्रानं ऐकवली ती आपल्या नागझिऱ्याच्या जंगलात, हे माहीत आहे का? म्हणजे त्या पिक्चरचं मूळ विदर्भातच निघालं. कॉर्नवॉलचं काय कौतुक.

रात्रपाळी

मी सहसा वाचूनच जाते पण 'ब्लू लेन्सेस'चं नाव निघालं म्हणून लिहिते. मी नर्स आहे, आधी चार वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात होते, आणि ही गोष्ट मी नाइट ड्यूटीला वाचली, जे करायला नको होतं.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी, मार्डा वेस्ट नावाच्या बाईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, बरेच दिवस पट्टी आहे, नर्स, डॉक्टर, नवरा सगळे तिला फक्त आवाजानं माहीत. पट्टी निघते, तात्पुरती निळी भिंगं बसवतात, आणि तिला दिसतं की सगळ्यांच्या धडावर जनावरांची डोकी आहेत. एका नर्सला गाईचं डोकं. जिच्यावर हिचा सगळ्यात जास्त विश्वास, तिला सापाचं. आधी तिला वाटतं सगळे मिळून मस्करी करताहेत, मुखवटे घातलेत. मग नवरा भेटायला येतो. तो काय म्हणून दिसतो ते सांगत नाही.

आता आमच्याकडची खरी गोष्ट सांगते. पूर्वी मोतीबिंदूच्या पेशंटला ऑपरेशननंतर दिवसचे दिवस डोकं हलवू न देता उताणं झोपवून ठेवायचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायचे, हे आमच्या जुन्या सिस्टर सांगायच्या. डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग पहिल्यांदा बसवलं ते लंडनमध्येच, रिडली नावाच्या डॉक्टरनं, १९४९ च्या नोव्हेंबरात. गोष्ट त्यानंतर दहाच वर्षांनी आलीय, म्हणजे लोकांसाठी तेव्हा हे नवीन आणि जरा जादूसारखंच असणार. आता वीस मिनिटांत होतं, माणूस दुसऱ्या दिवशी घरी जाऊन टीव्ही बघतो. पण एक गोष्ट अजून तशीच आहे. पट्टी निघते तेव्हा पेशंट आधी आमच्याकडे बघतात, आणि चेहऱ्यावर एक सेकंद काहीतरी येऊन जातं. एक आजोबा मला म्हणाले होते, "आवाजावरून तू अशी वाटली नव्हतीस बाई." कशी वाटले होते ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती गोष्ट वाचली त्या रात्री मला ते आजोबा आठवले आणि मी उठून हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशात बघून आले. ज्यांनी गोष्टीचा शेवट वाचलाय त्यांना कळेल का ते.

१९५७ मध्ये तिच्या नवऱ्याची तब्येत मानसिकदृष्ट्या कोसळली होती आणि ती स्वतःही काठावर होती, त्याच काळातल्या या गोष्टी, संग्रहाचं मूळ नाव 'ब्रेकिंग पॉइंट' उगाच नाही. ते बदलून 'ब्लू लेन्सेस' केलं की ती ओळखच पुसली जाते, इथे मी @जुनी_पुस्तकं यांच्या बाजूनं.

मास्तरीणकाकू

मुलांनो, मी इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई आहे, थोडं लांब लिहिणार.

पहिल्यांदा तुझ्या आईंसाठी. त्यांना विचार की 'कोहरा' पाहिला होता का. १९६४ चा, वहिदा रेहमान आणि विश्वजीत, तो 'रेबेका'वरूनच घेतलेला, आणि त्या घरातली करारी दाई म्हणून आपल्या ललिता पवार. आमच्या पिढीला 'रेबेका' आधी तिथून भेटली, पुस्तक मागाहून. आणि गंमत म्हणजे त्या पिक्चरला कोणी प्रेमकथा म्हटलं नाही, सगळ्यांनी भुताचा पिक्चर म्हणूनच पाहिला. पुस्तकाला मात्र रोमँटिक म्हणायचं. लेखिकेला हा शिक्का आयुष्यभर नकोसा होता. तेव्हा आईंना म्हणावं, घोळ नावात नाही, लेबलात आहे.

आणि ही विचित्र गोष्टींची खोड तिला उतारवयात लागली असंही नाही. 'द डॉल' नावाची गोष्ट तिनं विशीच्या आसपास लिहिली, ती १९३७ मध्ये एका संग्रहात छापून आली आणि विसरली गेली. फॉय गावच्या, म्हणजे तिच्याच परिसरातल्या एका पुस्तकविक्रेत्या बाईंनी ती शोधून काढली आणि २०११ मध्ये बाकीच्या सुरुवातीच्या गोष्टींबरोबर पुस्तकात आली. त्या गोष्टीतल्या बाईचं नाव काय असेल? रेबेका. कादंबरीच्या दहा वर्षं आधी. आणि ती बाई प्रेम करते ते माणसाएवढ्या यांत्रिक बाहुल्यावर. आईंना ही लगेच देऊ नकोस.

आता @तर्रीवाला, तुझा प्रश्न चांगला आहे, फक्त धारपांचं नाव इथे बसत नाही. धारप मला प्रिय आहेत, पण ते त्याच वाटेनं चालणारे लेखक, त्यांचं पुस्तक घेताना काय मिळणार हे आपल्याला ठाऊक असतं. इथे तुलना करायची तर मतकरींशी करा. रत्नाकर मतकरी म्हटलं की एकाला 'अलबत्या गलबत्या' आठवतं, दुसऱ्याला 'लोककथा ७८', तिसऱ्याला 'खेकडा'. तिघं एकाच माणसाबद्दल बोलताहेत हे पटकन खरं वाटत नाही. भर सभ्य रस्त्यावरचा, नाटकवाला, सामाजिक प्रश्नांवर बोलणारा लेखक, आणि तोच गूढकथा लिहितो, नुसती गंमत म्हणून नाही, पूर्ण जीव ओतून. समीक्षक मंडळींनी मात्र नाटकं बैठकीत ठेवली आणि गूढकथा प्रवासात वाचायला. मॉरिएबाईंचंही तेच झालं, फक्त तिथे तिची कादंबरीसुद्धा बैठकीत घेतली नाही.

आणि 'भयकथा' आणि 'गूढकथा' हे दोन शब्द आपल्याकडे आहेत ही मोठी सोय आहे, वापरा ना. भयकथेत दाराबाहेर काहीतरी असतं. गूढकथेत दार आपणच आतून लावलेलं असतं आणि ते का लावलं ते आठवत नाही. 'बर्ड्स' पहिल्या प्रकारची वाटते आणि हळूहळू दुसऱ्या प्रकारची होते. 'स्प्लिट सेकंड' वाचली का रे तू? मिसेस एलिस, व्यवस्थित, टापटीप बाई, फिरायला म्हणून जाते आणि परत येते तर तिच्या घरात परकी माणसं राहताहेत, भाडेकरूंसारखी, आणि वेडी तीच ठरते. तुझ्या नव्या आवृत्तीत ती नाही, जुन्या ८० रुपयांच्या प्रतीत आहे. तेव्हा जुनी प्रत कुणाला देऊ नकोस.

धंतोलीकर

काकू, व्याख्या झकास पण एक शंका. मतकरींच्या गोष्टीत शेवटाला बहुतेक वेळा एक फटका असतो, कळतं की हां, असं होतं तर. मॉरिएच्या 'बर्ड्स'ला तसं काहीच नाही. नॅट शेवटची सिगारेट ओढतो, रिकामं पाकीट शेगडीत टाकतो आणि ते जळताना बघत राहतो, संपली गोष्ट. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं पान फाटलंय.

मास्तरीणकाकू

बरोबर आहे तुझं. पण 'ओल्ड मॅन'ला फटका आहे, तुझ्या मित्रानं आत्ताच खाल्ला. बाईंना दोन्ही येत होतं, कुठे काय वापरायचं ते ठरवत होत्या. मला स्वतःला फटकावाल्या गोष्टी दुसऱ्यांदा वाचायला कमी आवडतात, हे माझं मत, वाद नको.

जुनी_पुस्तकं_नवी_धूळ

वाद घालतोच काकू, माफ करा. 'ओल्ड मॅन' दुसऱ्यांदाच जास्त चांगली लागते. पहिल्यांदा तुम्ही शेजाऱ्याची चहाडी ऐकता, दुसऱ्यांदा तुम्हाला दिसतं की चहाडी करणारा किती प्रामाणिक होता.

आणि @कूलरचं_पाणी, नव्या आवृत्तीला शिव्या देऊ नकोस फार. नाव बदललं, कव्हर बदललं, मला पटत नाही, सगळं खरं. पण विरागोसारख्यांनी बायकांनी लिहिलेली, बाजारातून गेलेली पुस्तकं १९७८ पासून एकेक करून पुन्हा छापायला घेतली नसती तर कितीतरी पुस्तकं आपल्याला फूटपाथवर नशिबानंच भेटली असती, आणि नशिबाचा भरवसा बर्डीवर किती असतो तुला माहीत आहे.

कूलरचं_पाणी

अपडेट देतो, रविवार होता म्हणून उशीर.

काल संध्याकाळी लाइट गेली. आई अंगणात खाट टाकून बसली होती, मी मोबाइलच्या टॉर्चमध्ये 'ॲपल ट्री' वाचायला काढली, इंग्रजी वाचत मराठीत सांगत, जसं जमेल तसं. आधी ती ऐकून नाही राहिली, वारा नाही, डास आहेत, दूध नासेल, सगळं चालू होतं. मग बायको गेल्यावर तो माणूस पहिल्यांदा एकटा नाश्ता करतो आणि त्याला कोणी सुस्कारा टाकताना ऐकू येत नाही म्हणून बरं वाटतं, तिथे आई गप्प झाली. मध्ये एकदा फक्त म्हणाली, "सुस्कारे टाकणाऱ्या बाईनं सुस्कारे काऊन टाकले ते कोणी विचारलं का?" मी म्हटलं पुढे येतं. पुढे येतं पण सरळ नाही येत, तुम्हाला माहीतच आहे.

लाइट आली तरी आत गेलो नाही. संपलं तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे ही रेबेकाच आहे." मी म्हटलं कशी? तर म्हणे, "तिथे मेलेली पहिली बायको घर सोडत नाही आणि गोष्ट सांगते दुसरी. इथे मेलेली बायको अंगण सोडत नाही आणि गोष्ट नवऱ्याच्या डोक्यातून. बाई तीच. फक्त या वेळी नवऱ्याच्या खुर्चीवर जाऊन बसली." चाळीस वर्षं जिनं ते पुस्तक वाचलं तिलाच हे सुचणार, मला तर सात जन्मात नसतं सुचलं.

काकू, 'कोहरा' तिनं पाहिलाय, वडिलांबरोबर लग्नानंतर, तो परत लागला होता तेव्हा. ललिता पवारचं नाव काढल्याबरोबर डोळे मोठे करून दाखवले.

आता अडचण अशी की ४९९ वालं पुस्तक आईनं उशाशी घेतलंय, टाइप मोठा आहे म्हणते, आणि ८० वाल्याची पानं मी उलगडली की सुटून हातात येतात. म्हणजे दोन्ही प्रती लागणारच होत्या घरात. 'मॉन्टे व्हेरिटा' तेवढी वाचायची राहिली आहे, कोणी काही सांगू नका.

तर्रीवाला

मी सांगतो, त्यात एक डोंगर आहे.

रात्रपाळी

@कूलरचं_पाणी 'ब्रेकिंग पॉइंट' माझ्याकडे आहे, विकत घेऊ नका. बुधवारी माझी ड्यूटी दोनला सुटते, बर्डीच्या मेट्रो स्टेशनखाली देऊ शकते. परत मात्र द्यायचं, आणि आईंना 'ब्लू लेन्सेस' त्यांचं मोतीबिंदूचं काही असेल तर ते झाल्यावरच द्या.

कूलरचं_पाणी

ताई, जूनमध्ये तारीख मिळाली आहे उजव्या डोळ्याची. लपवून ठेवतो.